हाजराबीच्या घरी, एकटीनं

काल सकाळी हाजराबी गेल्याचं कळलं आणि माझ्या डोक्यात सगळ्यात आधी आली ती लिफ्ट.

रडू मागून आलं. आधी लिफ्ट.

(मी बोलून राहिली आणि माझी नात टाइप करून राहिली. मला अक्षर येत नाही. ती म्हणते, आजी, जरा शुद्ध करते. म्हटलं कर, पण हाजराबीच्या तोंडचं काही बदललं तर खबरदार.)

हाजराबी अकोल्याची, मी अमरावतीकडची. भेटलो कुठं, तर टोरंटोत.

मी इथं येण्याआधी गावाकडे वाईट वर्षं होती. कापूस बुडायचा, आणि मग माणसं. फोन वाजला की पहिला प्रश्न, कोण गेलं?

ज्या घरचा माणूस जातो त्या घरी चूल पेटत नाही, शेजारणी भाकर नेतात. त्या वर्षांत मी इतक्या घरी पिठलं-भाकर नेली, की माझ्या हातात डबा दिसला की बाया दारातूनच विचारायच्या, "आता कोनाकडे वं?"

आमचे हे गेल्यावर पोरगा म्हणाला, आई, तिथं एकटी राहू नको.

आणि इथं आणून दिवसभर एकटी ठेवलं. आभाळाला टेकलेल्या फ्लॅटमध्ये.

मला सगळ्याची भीती. आपोआप लॉक होणाऱ्या दाराची. बर्फाची. लिफ्टची तर फारच. बटणांवर आकडे, आणि मला आकडा येत नाही.

एकदा सुनेनं बळजबरीनं खाली उतरवलं. म्हणाली, समोरच्या बागेत बसून या. मी रस्त्याच्या कडेला उभी. सिग्नल लागला, गेला. पुन्हा लागला, पुन्हा गेला. माझा पाय उचलेना.

मागून आवाज आला, "काहून उभी आहे वं? गाड्या सरायची वाट पाहून राहिली काय?"

वळून पाहिलं तर पांढऱ्या ओढणीतली बुटकी बाई.

"कोन्त्या गावची?"

"अमरावतीजवळची. नांदगाव पेठ."

"तरीच. आमच्या अकोल्याच्या उन्हात अशी उभी राह्यली असती, तर चप्पल डांबराले चिकटली असती."

आणि हात धरून ओढत पलीकडे नेलं.

तेव्हापासून तीच मला न्यायला यायची, तीच पोचवायला यायची. तिची बिल्डिंग रस्त्यापलीकडे. आपल्या घरी गेली की फोन करायची.

"पोचली वं मी."

एवढंच. आणि कट.

तिच्याकडची दारं सगळी एकसारखी. म्हणून तिनं माझ्या कपाळाची काळी टिकली काढली आणि आपल्या दाराला लावली. दुसऱ्या दिवशी अजून एक मागून घेतली, ती तिथल्या लिफ्टमध्ये तिच्या मजल्याच्या बटणाला.

तिच्या पोरानं विचारलं, "अम्मी, ये क्या है?"

"अमरावतीवालीसाठी आहे. तिले इतकंच वाचता येते."

तरी मी एकटी कधी गेली नाही.

"मी मेल्यावर कशी येशील वं?"

"तू मरूच नको. माझा त्रास वाचेल."

खोकला लागेपर्यंत हसली होती.

काल तिच्या पोराचा फोन आला. झोपेतच गेली.

माझा पोरगा म्हणाला, आई, ऑफिसातून आलो की संध्याकाळी जाऊ.

संध्याकाळपर्यंत ते घर उपाशी? चूल न पेटवायची रीत आपल्यात आहे तशी त्यांच्यातही. पण इथं शेजारी मेला तरी शेजाऱ्याला कळत नाही. भाकर आणणार कोण?

थापताना दोन भाकरी फाटल्या. माझ्या हातून भाकर फाटत नाही.

जिन्यानंच खाली उतरली, रस्त्याशी उभी राहिली. मागे वळून पाहिलं. सवय.

मागे कोणी नव्हतं.

एक बाई बाबागाडी ढकलत निघाली, तिच्या मागं मागं गेली. तिच्या लेकराला काही होणार नाही, तर मलाही होणार नाही, एवढाच हिशोब.

हाजराबीच्या लिफ्टमध्ये शिरली, तर बटणावर टिकली नाही. कोणीतरी पुसून काढली होती.

दार लागलं. मी काही दाबलं नाही आणि पेटी आपोआप वर निघाली. कुठं तरी उघडली. आत राहायची जास्त भीती, म्हणून बाहेर पडली.

लांबच लांब गल्ली. सगळी दारं बंद. एकाही दारावर टिकली नाही.

वाटलं, इथंच पडली तर हे लोक कोणाला कळवतील? डबा धरलेली कोणी म्हातारी, एवढंच सांगतील.

आणि माझ्या तोंडातून आपोआप हाक गेली.

"ओ हाजराबी!"

मग आठवलं, आपण कोणाला हाक मारून राहिलो.

पण हाक मारली की भीती थोडी हटत होती. म्हणून जिना चढत गेली, मजल्यामजल्यावर दारं पाहत, हाका मारत. एक गोरा माणूस बाहेर डोकावला आणि दार लावून बसला. त्यालाही भीती वाटली असेल.

शेवटी एक दार उघडलं. हाजराबीची सून. डोळे सुजलेले.

"अम्मी को कौन बुला रहा है?"

मला पाहिलं. मग माझ्या मागं पाहिलं.

"अकेली आयी आप?"

त्या दारावर टिकली होती.

आत लेकरांसाठी गॅसवर काहीतरी ठेवलं होतं. मी गॅस बंद केला. म्हटलं, आज नाही, बेटा.

मयत मशिदीत होती. हाजराबीचा पोरगा घडीभर घरी आला होता, भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या हातात भाकर दिली.

तो म्हणाला, "अम्मी म्हनायची, तुमच्या पिठल्यात मीठ कमी असते."

"मले तोंडावर कधी बोलली नाही. खा."

त्यानं खाल्लं.

संध्याकाळी माझा पोरगा घ्यायला आला तो रागावतच. "आई, हरवली असती तर?"

म्हटलं, हरवलीच होती.

आज पुन्हा खिडकीतून तो रस्ता दिसून राहिला, आणि पुन्हा तीच भीती. रीत तीन दिवसांची, आजही त्या घरी चूल पेटणार नाही. म्हणजे आजही जाणं आहे.

नात विचारते, आजी, शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली टाकू का?

म्हटलं, एवढा जड शब्द ऐकून हाजराबी हसेल. आमचं रोजचं होतं तेच टाक.

हाजराबी, पोचली वं मी.

तू पोचली की फोन कर.