साडभाऊंचं बिनकंप्रेसरचं कपाट

आमच्या साडभाऊंनी आजवर एकही निर्णय एकट्याने घेतलेला नाही, आणि ज्यांना विचारून घेतला त्यांच्यापैकी एकही माणूस नंतर धडपणे झोपलेला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे साडू एकमेकांना साडभाऊच म्हणतात, त्यामुळे वीस-बावीस वर्षांत मी त्यांना नावाने हाक मारलेली नाही, त्यांनीही मला नाही. चपलेचा एक जोड घ्यायचा तर हा गृहस्थ वणीच्या दुकानात दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून रस्त्यावर येतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवून विचारतो, "भाऊ, यातला कोणता पाय चांगला दिसते?" असं अडवलेला एक माणूस स्वतःच चपला घ्यायला आला होता. त्याला साडभाऊंनी टाचेबद्दल आणि तळव्याबद्दल इतकं विचारलं की तो जुन्याच चपला फटफटवत परत गेला. घराला पंखा लावायचा होता तेव्हा त्यांनी तीन महिने लोकांच्या घरी जाऊन पंख्याखाली जेवण केलं. वारा ताटावर कसा येतो हे पाहायचं होतं म्हणे. माझ्या साळीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा मला हात जोडून सांगितलं, "भाऊजी, हा माणूस मरणाच्या आधी चार जणाले ईचारून येईन, मरू का म्हणून."

लग्नाच्या वेळीही तेच. मुलगी पाहायला आले, पोहे खाल्ले, मुलीकडे मिनिटभर पाहिलं असेल नसेल, आणि मला हाताला धरून घरामागच्या हापशीजवळ घेऊन गेले. "तुम्ही या घरचे सहा वर्षांचे जावई. पोरगी कशी हाय, खरं सांगा." मी मुळात कमी बोलणारा. म्हटलं, "तापट आहे. पण पोटात काही ठेवत नाही." त्यांचा चेहरा उजळला. "आतापर्यंत अकरा जणाले ईचारलं. खरं सांगणारे तुम्ही पहिले." त्या दिवसापासून मी त्यांचं शेवटचं कोर्ट झालो. आधी अख्ख्या तालुक्याला विचारायचं आणि मग सगळ्यांची मतं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहून माझ्यापुढे ठेवायची. वणीला माझं फ्रीज, एसी, कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. यंत्रं फार बोलत नाहीत म्हणून मला हा धंदा आवडला, आणि माझ्या गप्प बसण्याला साडभाऊ खरेपणा समजून बसले.

वणी-राजूर रस्त्यावर त्यांचा धाबा होता. सावजी मटन, शेवभाजी, पाटवडीचा रस्सा. कोळशाचे ट्रकवाले तिथे थांबायचे आणि सगळं सुखात चाललं होतं. मग एका लग्नाला ते नाशिकला गेले. तिथे कुणीतरी त्यांना द्राक्षाचा मळा आणि वाइनचं दुकान दाखवायला नेलं, आणि परत आलेला माणूस वेगळाच होता. दुपारच्या उजेडात एका टेबलाशी नवरा, बायको आणि चक्क सासू बसलेली त्यांनी पाहिली होती. तिघांपुढे वाइनचे पेले. "कोणी कोणापासून लपून नव्हतं राह्यलं, साडभाऊ. बाई हासून राह्यली होती." हे सांगताना त्यांचा आवाज वेगळा झाला. त्यांचे वडील आयुष्यभर शेतातल्या गुरांच्या कोठ्यात लपून प्यायले आणि आई आयुष्यभर दारात उभी राहून वाट पाहत राहिली, हे मला ठाऊक होतं. साडभाऊ स्वतः थेंबाला शिवत नाहीत. पण आपल्या रस्त्यावर एक तरी जागा अशी हवी जिथे माणूस बायकोला सोबत घेऊन बसेल, एवढं त्यांनी मनावर घेतलं. धाब्याचं रेस्टॉरंट झालं, परवान्याचे कागद आले, खुर्च्यांना गाद्या आल्या. खाणीचे मोठे साहेब मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांच्या निरोपाची पार्टी सहकुटुंब इथेच करायचं साडभाऊंनी साहेबांकडून कबूल करून घेतलं. ती एक संध्याकाळ नीट पार पडली की खाणीची अख्खी कॉलनी बायकामुलांसह येऊ लागेल असा त्यांचा हिशोब. आता फक्त वाइन ठेवायला फ्रीज निवडायचा राहिला होता.

इथून माझे हाल सुरू झाले. वाइनला बारा-चौदा डिग्री लागते, अंधार लागतो आणि तिला हलवायचं नसतं, असं त्यांना नाशिकला सांगितलं होतं. त्यातलं 'हलवायचं नसतं' एवढंच त्यांच्या डोक्यात रुतलं. कंप्रेसर थरथरतो, म्हणजे वाइन थरथरणार, म्हणजे ती नासणार. मग हा माणूस पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी घेऊन वणीभर फिरला. दिसेल त्या फ्रीजवर वाटी ठेवायची आणि पाण्यावर लहर उठते का ते डोळे बारीक करून पाहायचं. डेअरीत, आइस्क्रीमवाल्याकडे, फुलवाल्याकडे. डॉक्टरांच्या लसींच्या फ्रीजवर ठेवली तेव्हा कंपाउंडरने वाटीसकट बाहेर काढलं. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाचा फ्रीज दुरुस्त होऊन उभा होता, त्यावर वाटी सांडली आणि माझं अर्ध्या दिवसाचं काम वाढलं. "पाहा," ते म्हणाले, "हालते."

मी त्यांना समजावलं. आयुष्यात एवढं मी कुणाशी बोललेलो नाही. म्हटलं, तीन प्रकार आहेत. एक कंप्रेसरचा. थोडा घरघरतो, पण खालचे रबर बदलले की थरथर कळतही नाही, आणि बाहेर कितीही तापलं तरी आत थंड ठेवतो. दुसरा उष्णतेवर चालणारा. आत अमोनिया असतो, आवाज अजिबात नाही. हे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे चूल पेटवून थंड करायचं?" आणि हसत सुटले. तिसरा थर्मोइलेक्ट्रिक. त्यात विजेवर चालणारी एक टिकली असते, एका बाजूने गार, दुसऱ्या बाजूने गरम, आणि गरम हवा मागचा पंखा फेकतो. शांत, देखणा, थरथर नाही. पण खोलीत जेवढी गरमी, त्याच्या पंधरा-वीस डिग्री खालीच तो जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पुढचं गणित पोरही करील.

त्यांनी सगळं पत्रिकेमागे उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मग तिसऱ्या दिवशी. मी जेवत असताना, मी पोटमाळ्यावर असताना, एकदा मी दाढदुखीने गाल धरून बसलो असताना. "बोलू नका, नुसती मान हालवा. टिकली का कंप्रेसर?"

तेवढ्यात सासरी एका बारशाला आम्ही सगळे जमलो. सासरे, मेहुणे, आल्यागेल्या पाहुण्यांसमोर फ्रीजचा विषय निघाला. मी म्हटलं कंप्रेसर. साडभाऊ माझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाले, "यायचा धंदाच कंप्रेसर दुरुस्त करायचा. बिनकंप्रेसरचं घ्या म्हणून थे कायले सांगतीन?" सगळी बैठक हसली. ते गमतीनेच बोलले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मीही हसलो. पण बैठकीचं ते हसणं मी सोबत घरी घेऊन आलो. माझ्यासारखी कमी बोलणारी माणसं चांगली असतात असं लोकांना वाटतं. आम्ही फक्त साठवून ठेवतो.

चार दिवसांनी ते दुकानात आले. मी एका एसीची कॉइल धूत होतो. "सगळ्याइले ईचारून झालं, साडभाऊ. आता आखरी तुम्हाले. तुम्ही सांगान थेच घेतो."

मी वर पाहिलं नाही. म्हटलं, "बिनकंप्रेसरचं घ्या. चांगलं असतं."

"उन्हाळ्यात चालते ना?"

नेमका तोच प्रश्न त्यांनी विचारला. एवढ्या हजार फालतू प्रश्नांत हा एक प्रश्न बरोबर होता. मी कॉइलवर पाणी मारत राहिलो आणि म्हटलं, "चालते."

कपाट आलं. काळ्या काचेचं, आत निळा दिवा. मार्चपर्यंत ठीक होतं. एप्रिलमध्ये काचेवरचा आकडा वीसवर गेला, मग चोवीसवर. ते फोन करायचे, मी म्हणायचो खोली तापते. हे खोटं नव्हतं, म्हणून मला सोपं गेलं. मग साडभाऊंनी असा उपाय काढला की तो फक्त आमच्या वऱ्हाडातच सुचू शकतो. वखारीतून त्यांनी पत्र्याचा मोठा कूलर आणला, नवा वाळा भरला, टाकीत पाणी ओतलं आणि त्याचं तोंड कपाटाच्या पाठीला लावलं. म्हणजे गिऱ्हाइकं गरमीत आणि फ्रीज कूलरपुढे. साळी म्हणाली, "मले बाळंतपणात एवढा वारा नाही भेटला." पण आकडा खरंच पंधरावर आला. साडभाऊ येईल त्याला हात धरून तो आकडा दाखवायचे. दमट हवेने बाटल्यांची लेबलं सुटून आत गळून पडली. त्यांनी शाळेच्या वह्यांची लेबलं आणली, बाटल्या उघडून चमचाभर वाइन आचाऱ्याला चाखवली आणि त्याच्या सांगण्यावरून स्वतःच्या अक्षरात लिहिलं: गोड. आंबट. तुरट. सात बाटल्यांवर 'समजत नाही.'

पार्टीच्या दिवशी दुपारी कूलरचे तुषार बसून बसून कपाटाचा मागचा पंखा जळाला. पंखा गेला की ती टिकली उलट गरमी आत ढकलते. माणसं दिवेलागणीला जमली. साहेब, त्यांच्या पत्नी, सात-आठ कुटुंबं. बायका खरंच सोबत बसल्या होत्या. साडभाऊंनी पांढरा सदरा घातला होता आणि पेले स्वतः मांडले होते. साहेबांच्या बायकोने पहिला घोट घेतला, थांबल्या, आणि हसत म्हणाल्या, "भाईसाहब, ये तो काढ़ा है." दुसऱ्या कुणी विचारलं, अदरक नाही टाकली का. हसण्याची एक लाट टेबलांवरून गेली.

मी तिथेच उभा होतो. साडभाऊ हात जोडून मध्ये आले. "मशीन में कुछ खराबी नहीं साहेब. हमारे साडभाऊ ने चुनके दी है, उनके जैसा मेकॅनिक पूरे वणी में नहीं मिलेगा. गलती मेरी है, मैंने पीछे कूलर लगाया." कॉलनीतले एसी मीच दुरुस्त करतो, त्यामुळे साहेब मला ओळखत होते. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही मान हलवली. बस, एवढंच केलं मी.

मग डीप फ्रीझरमधून थंड बीअर आली. बायकांनी लवकर जेवून घेतलं आणि पोरांना घेऊन गाड्यांमध्ये जाऊन बसल्या, काचा वर करून. तासाभरात तिथे फक्त पुरुष होते, पेल्यांत तोंड घातलेले. साडभाऊ दारात उभं राहून गाड्यांकडे पाहत होते.

जानेवारीत त्यांचा फोन आला. आवाजात उत्साह होता. त्यांनी कपाटाचा पंखा बदलून घेतला होता. "साडभाऊ, आज बारा. सकाळी पाह्यलं, दुपारी पाह्यलं, बाराच. मशीन देवमाणूस हाय, कूलरची चूक माह्यीच होती. आता असंच दुसरं, याच्याहून मोठं बोलावून राह्यलो. तुम्ही म्हणलं होतं थेच."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. ते बाटल्या पुसत होते. मी उभ्याउभ्याच बोललो. "दुसरं घेऊ नका. उन्हाळ्यात हे चालतच नाही. तुम्ही मला विचारलं तेव्हाही मला माहीत होतं."

वीसेक प्रश्नांची तयारी करून गेलो होतो. काहून नाही सांगतलं, या प्रश्नाचं उत्तर तर मी रस्ताभर घोकलं होतं, त्या बारशातल्या हसण्यापासून सुरू होणारं. त्यांनी हातातली बाटली आत ठेवली, ती हलणार नाही अशा बेताने दार लावलं आणि म्हणाले, "चहा घेता?"

एवढंच. राग नाही, अबोला नाही. सणावाराला भेटतो, ते हसून बोलतात, माझ्या ताटात आग्रहाने वाढतात. पुढे त्यांनी नागपुरातून कंप्रेसरचं कपाट आणलं. मला ते जोडून झाल्यावर कळलं. चांगलं चालतं म्हणे. रविवारी दुपारी दोन-चार कुटुंबं येऊन बसतात, असं साळी सांगत होती. बायको म्हणते, सुटलात तुम्ही. खरंच सुटलो. आता मी शांतपणे जेवतो, शांतपणे काम करतो, माझ्या दुकानातल्या एकाही फ्रीजवर पाण्याची वाटी नसते.

या उन्हाळ्यात त्यांनी घरी एसी बसवला. मी पाहायला गेलो. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर लावलं होतं, दुपारचं सगळं ऊन अंगावर घेणारं. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं, "इथे ऊन येतं. वर हिरवी जाळी बांधून घ्या."

"बांधतो," साडभाऊ म्हणाले.

पूर्वी त्यांनी विचारलं असतं, हिरवीच काहून, काळी काहून नाही. एकपदरी का दोनपदरी. बांबूला बांधायची का अँगलला. पार तिकडे घाटंजी गावात कुणी बांधली असेल तर त्याचा फोन लावायला लावला असता. मी चहा घेत थांबलो. साडभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. साळीनं अजून अर्धा कप देऊ का विचारलं. मी दुसरा चहा कधी घेत नाही, त्या दिवशी घेतला, आणि अगदी सावकाश प्यालो. तोही संपला.