गाठशेपटीचा वंश

गल्लीत तिला सगळे मांजरआत्या म्हणत. खरं तर ती शिवणकाम करणारी बाई. लोकांच्या पँटा आखूड करायच्या, कोटांची अस्तरं बदलायची, कुणाचं पोट सुटलं की शिवण उसवून वाढवून द्यायची आणि त्याला लाज वाटू नये म्हणून वर "कापडच आटलंय हो" असं म्हणायचं, हा तिचा धंदा. हात इतका सफाईदार, की नुसत्या शिवणीवर तिचं नाव झालं असतं. पण मागच्या खोलीत मांजरं होती, आणि मांजरांपुढे माणसांच्या पँटांना कोण विचारतो! भाचरं तिला आत्या म्हणायची, मांजरं लोकांनी पुढे जोडली, आणि ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच.

मांजरं साधीसुधी नव्हती. गाठशेपटी म्हणतात त्या जातीची होती. अंग राखेच्या रंगाचं, केस आखूड पण दाट, डोळे मधाच्या रंगाचे, आणि शेपटीच्या टोकाला जन्मजात गाठ. पदराला आठवणीसाठी मारतात तशी. आणखी एक तऱ्हा म्हणजे ही मांजरं जवळजवळ मुकी. भूक लागली, दार उघडून हवं असलं, की तोंड उघडायची, जीभ दिसायची, पण आवाज म्हणून बाहेर पडायचा नाही. "दिवसभर मशीन खडखडतं आणि गिऱ्हाईक बडबडतं," आत्या म्हणायची, "घरात कुणीतरी गप्प बसणारं नको का?"

पहिली जोडी तिला तिच्या मास्तरीणबाईंनी दिली. ज्यांच्याकडे ती शिवण शिकली, त्या बाई. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी आत्याला बोलावून घेतलं. कात्री नाही दिली, मशीन नाही दिलं, मांजरं दिली. "कपडे काय, कुणीही शिवेल," म्हणाल्या, "हा वंश मात्र जप." त्या वेळी गाठशेपटी पाळणारी पुष्कळ घरं होती. वर्षातून एकदा सगळे कुठल्यातरी सभागृहात जमायचे, एकमेकांच्या बोक्यांची तोंडभर स्तुती करायचे आणि घरी जाताना नावं ठेवायचे. मग एकेक घर गळत गेलं. कुणी म्हातारं झालं, कुणाच्या सुनेला केस सोसेनात, कुणी चापून खाणारी, दिसायला झोकदार, बाजारात चालणारी मांजरं घेतली. शेवटी उरली दोनच घरं. एक आत्याचं आणि एक दूरच्या गावातल्या औषधवाल्याचं.

आत्याला मूलबाळ नव्हतं. लोक त्याची सांगड लगेच मांजरांशी घालायचे. लोकांना काय, कुठल्याही गोष्टीचं कारण आयतं हाताशी लागतं. मांजरं नसती तर त्यांनी शिवणमशिनीशी घातली असती. आत्या मांजरांना लेकरं मानत नव्हती. ती त्यांना काम मानायची, हाती घेतलेलं आणि नीट तडीला न्यायचं काम.

तिचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा. आता हात थरथरायला लागल्यापासून घरीच असायचा. माणूस मऊ, पण तोंडाने फटकळ. "या घरात भाडं भरतं कोण आणि गादीवर झोपतं कोण," असं तो रोज एकदा तरी म्हणायचा. एवढ्या वर्षांत त्याने मांजरांची खोली कधी झाडली नाही असं नाही, पण झाडताना गप्प कधी बसला नाही. त्याला एक मांजर दुसऱ्यापासून ओळखता येत नसे, आणि आत्याला त्याचं मनातून फार वाईट वाटायचं. तिला वाटायचं, एकदा तरी यांनी यातल्या एखाद्याकडे धड बघावं.

घरात तेव्हा दोन बोके होते, थोरला आणि धाकटा. सख्खे भाऊ, पाठोपाठच्या वेतांतले, आणि दिसायला अगदी एकासारखा एक. आत्या त्यांना डोळे मिटून ओळखायची, कारण थोरल्याची गाठ डावीकडे वळलेली होती आणि धाकट्याची उजवीकडे. बाकीच्यांसाठी तिने दोघांच्या गळ्यात लोकरीचे धागे बांधले होते, थोरल्याला लाल आणि धाकट्याला हिरवा. प्रवासात मात्र ती धागे काढून ठेवायची. मागे एकदा पेटीत एका पिल्लाचा जबडा धाग्यात अडकला होता, आणि घरी पोहोचेपर्यंत ते गेलं होतं. तेव्हापासून नियमच झाला की पेटीत धागा नको. पेटीवरूनच मांजर ओळखायचं.

दोघे दिसायला सारखे, पण आतून नव्हते. थोरल्याची पिल्लं धडधाकट निघाली होती, पण त्याच वर्षी मांजरांची साथ आली आणि सगळी पिल्लावळ घेऊन गेली. पुढे घरातल्या त्याच मादीशी धाकट्याची जोडी लावली, तर पिल्लं जन्मली ती मागचे पाय ओढतच. शेपटीची गाठ त्यांच्या पाठीत चढली होती. ती दुधासाठी आईपर्यंत सरपटत जायची, तोंडं उघडायची, आणि त्यांना काय होतंय हे सांगायला आवाजसुद्धा नव्हता. डॉक्टरांनी त्यांना एकेक करून कायमचं झोपवलं, तेव्हा प्रत्येकाला आत्यानेच हातात धरलं होतं. त्यानंतर तिला कितीतरी दिवस सुईत दोरा ओवता येईना.

घरातली मादी आता म्हातारी झाली होती. औषधवाल्याकडे एक तरुण मादी होती, त्या जातीतली पिल्लं देऊ शकणारी अशी तेवढीच. म्हणजे सगळी मदार थोरल्यावर. तो औषधवाल्याकडे जायचा होता, त्याआधी त्याला लस टोचायची होती. आणि त्याच फेरीत धाकट्याचं नसबंदीचं ऑपरेशन उरकून घ्यायचं आत्याने ठरवलं. दोघं इतके सारखे, उद्या कुणाचा घोटाळा झाला आणि नको तो बोका मादीजवळ गेला तर? घोटाळ्याची शक्यताच नको, म्हणून ऑपरेशन.

नेमका त्याच आठवड्यात आत्याचा पाय मुरगळला. जिना उतरणं अशक्य झालं. नवरा म्हणाला, "मी नेतो. काय वाघ आहेत का?"

आत्याने डॉक्टरांना फोन केला. नेहमीचे जुने डॉक्टर, जे शेपटीला हात लावल्याशिवाय सुई उचलत नसत, ते गावाला गेले होते. त्यांच्या जागी नवा तरुण डॉक्टर होता. तिने त्याला समजावून सांगितलं, पांढऱ्या पेटीतल्याचं ऑपरेशन, निळ्या पेटीतल्याला फक्त लस. त्याने तिच्यामागून म्हणून दाखवलं. मग तिने नवऱ्यालाही तसंच बजावलं.

"पांढरी म्हणजे ऑपरेशन," नवरा म्हणाला. "अगं, आयुष्यभर किल्ल्या सांभाळल्या मी. पेट्या सांभाळता येत नाहीत होय?"

तो बसने गेला. पेट्या मांडीवर आणि पायाशी. दुपारी परतला तेव्हा घामाघूम झाला होता, पण खुशीत होता. आत्या लंगडत मागच्या खोलीत आली. पांढऱ्या पेटीतला बोका गुंगीत होता. तिने आधी निळी उघडली, आत हात घातला, आणि सवयीने बोटं शेपटीवरून टोकापर्यंत नेली.

गाठ उजवीकडे वळलेली होती.

तिने पांढरी पेटी उघडली, गुंगीतल्या बोक्याची शेपटी चाचपली, पुन्हा चाचपली. डावीकडे.

"अहो," ती म्हणाली, "वाटेत पेट्या उघडल्या होत्या का?"

"उघडल्या ना!" नवरा उत्साहाने म्हणाला. "सांगणारच होतो तुला. तो तुझा थोरला, निळ्या पेटीतला, सारखा तोंड उघडत होता. बसमध्ये कुणाचं लक्ष नाही. आवाजच नाही तर लक्ष जाणार कसं? पण मी बघत होतो ना. मला कळलं, हा बोलावतोय. ती पेटी लहान पडते त्याला. मग उतरल्यावर थांब्यावरच त्याला पांढऱ्या मोठीत घातलं आणि धाकट्याला निळ्या लहानीत. लगेच गप्प झाला बघ! दवाखान्यात जायच्या आधी परत बदलणार होतो, पण पायऱ्यांवरच तिथला माणूस आला आणि दोन्ही पेट्या…"

त्याने पांढऱ्या पेटीकडे पाहिलं, मग आत्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो आत्याला पाहवेना.

तो पेटीशेजारी जमिनीवर बसला. "मी काय करून बसलो गं," एवढंच म्हणाला.

आत्याला ओरडावंसं वाटलं. हातातली पेटी भिंतीवर आपटावी असं वाटलं. दुसऱ्या कुणीही, अगदी गल्लीतल्या कुठल्याही माणसाने, त्या बोक्याला नेलं असतं तर काही झालं नसतं, कारण त्याला काही ऐकूच आलं नसतं. आवाज न काढता हाक मारणारं जनावर समजायला त्याच्याबरोबर राहावं लागतं. नवरा राहिला होता. कुरकुरत, टोमणे मारत, पण राहिला होता. इतकी वर्षं तिला जे हवं होतं ते त्याच्याकडून मिळालं, आणि मिळालं ते हे असं. ती त्याच्यावर धड रागावूही शकत नव्हती, आणि त्यामुळे तिला आणखीच रडू आलं. ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि दोघं बराच वेळ रडली.

संध्याकाळी नव्या डॉक्टरचा फोन आला. तो बिचारा शरमून गेला होता. म्हणाला, ऑपरेशननंतरही थोडे दिवस बोक्यात जोर शिल्लक असतो, तेवढ्यात जमलं तर जमलं. मग काय, आत्याने जिवाचं रान केलं. जखम सुकते न सुकते तोच थोरल्याला औषधवाल्याकडे पोहोचवलं. नवरा स्वतः घेऊन गेला. वाटेत त्याने पेटीच्या कडीवरचा हात काढला नाही. पण मादी माजावर आली नाही. उजेड वाढला की माज लवकर येतो म्हणून औषधवाल्याने तिला दिव्याच्या उजेडात ठेवलं, चांगलंचुंगलं खायला घातलं, वाट पाहिली. ती माजावर आली तोवर थोरल्याला तिच्यात रस उरला नव्हता. तो तिच्या शेजारी नुसता झोपायचा. थोडे दिवस वाट पाहून औषधवाल्याने त्याला परत पाठवलं.

नंतर त्याचा फोन आला. "ताई, धाकट्याला पाठवा."

"त्याची पिल्लं कशी झाली ते तुम्हाला माहीत आहे," आत्या म्हणाली.

"सगळीच तशी होतील असं नाही. एखादं तरी बरं निघेल. एक निघालं तरी पुढे चालेल ना."

"आणि बाकीची?"

तो म्हणाला, "बाहेरचा बोका लावायचा म्हटलं तर तुम्ही नको म्हणता."

"मास्तरीणबाईंनी लावून पाहिला होता. गाठ गेली, रंग गेला. मांजरं छान झाली, पण ही नाही झाली. तुम्ही लावा हवं तर. मादी तुमची आहे."

"मग संपलंच म्हणायचं का?"

आत्याने विचार करून सांगते म्हणत फोन ठेवला.

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. त्या दिवसापासून तो भाड्याचा विनोद करायचा बंद झाला होता. रोज पहाटे उठून मांजरांची खोली स्वतः झाडायचा, आणि तेही अगदी निमूटपणे. तो हळूच म्हणाला, "पाठव ना धाकट्याला. एक पिल्लू जरी बरं निघालं… माझ्यामुळे तुझं सगळं बुडालं असं नाही होणार."

ते ऐकून आत्याचं मन डळमळलं. एक निरोगी पिल्लू, आणि या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मास्तरीणबाईंना दिलेला शब्दही राहील. तिने धाकट्याला मांडीवर घेतलं. तो प्रकृतीने ठणठणीत, स्वभावाने लाघवी, त्याचा काही दोष नव्हता. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. वंश जपायचा म्हणजे काय जपायचं? शेपटीची गाठ? की त्या गाठीबरोबर येणारा जीव? बाईंनी तिला एवढं फोडून सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनेच ठरवायचं होतं. आणि तिला एकच दिसत होतं, एखाद्या बऱ्या पिल्लासाठी आईकडे सरपटत जाणारी बाकीची पिल्लं, आणि त्यांना धरायला पुन्हा तिचेच हात.

"नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमचं ओझं त्यांच्या पाठीवर नाही टाकायचं. आणि ऐका, तुमच्यामुळे काही बुडालेलं नाही. एकाच बोक्यावर येऊन ठेपलं होतं, तेव्हाच बुडालं होतं. मीच डोळे मिटून बसले होते."

तिला वाटलं, त्याला हे पटलेलं नाही, आणि कदाचित कधी पटणारही नाही.

पाय बरा झाल्यावर दोघं मिळून धाकट्याला ऑपरेशनसाठी घेऊन गेली. या वेळी एकच पेटी होती. जुने डॉक्टर परत आले होते, पण आत्याने मुद्दाम नव्या डॉक्टरकडेच वेळ घेतली. पोरगा आयुष्यभर घाबरत राहू नये, म्हणून. त्याने तिला पाहताच मान खाली घातली. पेटी टेबलावर ठेवली तरी तो हात लावेना.

"काकू, तुम्हीच बघून सांगा," तो म्हणाला. "हाच ना?"

आत्याने झाकण उघडलं. धाकट्याने तिच्याकडे पाहून तोंड उघडलं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शेपटी चाचपायची गरज नव्हती, तिने ती चाचपलीही नाही.

"हाच," ती म्हणाली. "आता दुसरा कुणी नाही."

डॉक्टरने पेटी उचलली. नवऱ्याचा हात अजून कडीवर होता. तो त्याने काढला नाही, पेटीबरोबर आतल्या दारापर्यंत चालत गेला, आणि तिथे आत्याने त्याची बोटं एकेक करून सोडवली.