मुकादमही त्याच रांगेत

आता काय झालं ते ऐकायचं असेल, तर हातातला कप आधी खाली ठेवा. गणितात डॉक्टरेट केलेल्या माणसानं एका बोटानं स्वतःचाच बाजार कसा उठवला, ते सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीतल्या आमच्या कॉलेजात एकच मोठा संगणक होता आणि त्याला जोडलेले आठ पडदे. जबाबदारी कोणाकडे? माझ्याकडे! घराला कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघणारा माणूस मी!

संगणकात एका वेळी बरीच कामं चालतात. ती एका गटात घातली, की एका हुकमात सगळा गट थांबवता येतो. हे वाचून मी हरखलोच. सोमवारी सगळी कामं सुरू करणारा आणि सांगितलं की बंद करणारा एक प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं 'मुकादम'.

आमच्याच कॉलेजात शिकवणाऱ्या पाटील मॅडम पलूसहून एसटीनं यायच्या. त्यांच्या प्रबंधाचं एक गणित सोमवारपासून अखंड चाललं होतं. शनिवारी त्यांना उत्तरं मार्गदर्शकांना द्यायची होती. तेही मुकादमाकडे द्या, असं मी जाधव सुभेदारांना बजावलं होतं. सुभेदार साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन आमच्या प्रयोगशाळेत मदतीला आलेले.

गुरुवारी प्रिंटर पिसाळला. कोरे कागद भसाभसा बाहेर! सगळी कामं एकाच गटात आहेत हे गडबडीत विसरलो. मला वाटलं, हुकूम दिला की छपाईची कामं तेवढी थांबतील. दाबलं बटण.

छपाई थांबली. हजेरीपत्रक थांबलं. निकालपत्रक थांबलं. आणि मुकादम? तोही गायब!

"सुभेदार, संगणक गेला!" मी मुख्य बटणाकडे धावलो. त्यांनी माझा हात धरला.

"आवं सर, दमानं घ्या. वीज कशाला तोडताय?"

मी काय केलं असेल? राजीनामा लिहिला! तो घेऊन त्याच खोलीत कोपऱ्यातल्या पडद्यापुढे बसलेल्या मॅडमकडे गेलो. "मॅडम, तुमचे चार दिवस मी बुडवले."

त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "कुठं बुडवले? हे बघा की, आकडे पळतायत."

मी सुभेदारांकडे बघितलं. ते मिशीत हसत होते.

"बाईंचं काम चार-पाच दिसांचं. लांबच्या मोहिमेवरचा गडी रोजच्या परेडीत कशाला हुबा करायचा? मी येगळंच सुरू केलं हुतं."

"पण मुकादम का मेला?"

"लय शिकलेली मानसं तुमी, सर! हुकूम देनारा तुकडीच्या म्होरं हुबा ऱ्हातो. तुमी त्येला रांगेतच घातला. समद्यांस्नी 'थांब' म्हनला, तवा त्यो बी थांबला!"

चार पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं, ते त्यांना परेडच्या मैदानावर कळलं होतं.

शनिवारी मॅडमची उत्तरं आली. पहिली दोन त्यांनी घाईत माझ्या राजीनाम्याच्या पाठीवरच उतरवून घेतली, त्यामुळे तो द्यायचा राहूनच गेला.

पुढच्या सोमवारी मी मुकादमाला गटाबाहेर काढलं. तीनदा तपासलं. आता चाचणीचं बटण दाबायचं होतं. ते मी सुभेदारांना दाबायला सांगितलं आणि स्वतः दाराबाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

न जाणो, मी अजून कुठल्या गटात असलो तर?