राजाची सून रानात का गेली?

किस्से आमच्या घरात निर्माल्यासारखे साठतात. टाकून द्यायचा धीर होत नाही आणि ठेवायला जागा नाही. म्हणून आज थोडे तुमच्या ओंजळीत घालते.

सगळ्याचं मूळ माझ्या एका नवसात आहे. मुलगा शाळेत होता तेव्हा एकदा त्याचा ताप काही केल्या उतरेना. मी देवीपुढे बसले आणि काहीतरी सोडते म्हणून बोलायला गेले, तर सोडायला काही उरलंच नव्हतं. वांगं चातुर्मासात सुटलेलं, कांदा-लसूण त्याच्याही आधी, गोड सासऱ्यांच्या आजारपणात. चहा सोडते म्हटलं असतं तर देवीलाही खरं वाटलं नसतं. शेवटी म्हणाले, "आई, याला बरं कर. श्रावणातल्या शुक्रवारी मी कहाणी सांगताना मधे कोणी काही विचारलं, तर 'मुकाट्यानं ऐका' असं जन्मात म्हणणार नाही."

ताप उतरला. मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. आमची कहाणी मात्र तेव्हापासून एकदाही वेळेत संपलेली नाही.

तशी ती साधी आहे, आमच्या घरातलीच, सासूबाईंच्या तोंडून आलेली. राजाची सून रुसून रानात जाते. तिथे देवी म्हातारीच्या रूपात भेटते, तिची समजूत घालते, सून घरी येते आणि राज्याची भरभराट होते. ऐकणारीनं हातात अक्षता धरायच्या, कहाणी संपली की देवीला वाहायच्या, मग उपास सोडायचा. वरण गार व्हायच्या आत आटपणारं काम.

ऐकणाऱ्या तिघी. सुमनताई शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मुरारहून ई-रिक्षानं येतात. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. नलूमावशी आमच्याच गल्लीतल्या, शिंदे की छावनीत त्यांचं घर माझ्या घरासमोर. आणि त्यांची सून पल्लवी, साहित्यात एम. ए. मराठीत बोलायला सुरुवात करते आणि वाक्य हिंदीत नेऊन सोडते.

*

पहिला प्रश्न अर्थात सुमनताईंचा. मी "एक होता राजा" म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसला.

"कुठला राजा? कोणत्या घराण्यातला? याला पुरावा काय?"

माझा नवस आठवून मी गप्प. नलूमावशी मात्र शांतपणे म्हणाल्या, "पुरावा आत स्वयंपाकघरात आहे. राजा खोटा असता तर त्याच्या नावानं आम्ही इतक्या पिढ्या पुरण कशाला वाटलं असतं?"

सुमनताईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "हं, परंपरेचा पुरावा. धरू या."

त्या दिवशी राजा मान्य व्हायलाच दुपार झाली.

*

इथल्या, या हिंदी मुलखातल्या, प्रत्येक मराठी घरात एक शूर पूर्वज असतो. नलूमावशींच्या दिवाणखान्यात त्यांच्या घरातल्याचं मोठं चित्र आहे, मिश्या थेट चौकटीला टेकलेल्या. गोष्ट अशी की, शत्रूनं वेढलं, सगळे साथीदार पडले, पण हा गडी जागचा हलला नाही, तिथेच लढत पडला. मावशी दर वर्षी हळदीकुंकवाला ती सांगतात आणि आम्ही दर वर्षी डोळे पुसतो.

एकदा सुमनताईंनी विचारलं, "लग्न झालं होतं का त्यांचं तेव्हा?"

"छे, कोवळं वय हो. मिसरूडही फुटलं नव्हतं."

"मग नलू, ते जागचे हलले नसतील, तर तुमचं घराणं कुठून आलं?"

मावशींनी चित्राकडे पाहिलं. मग त्या मिश्यांकडे पाहिलं. शेवटी मावशी म्हणाल्या, "हलले असतील जरासे. पण मान ताठ ठेवून."

*

पल्लवी लग्न होऊन आली आणि प्रकरण आणखी वर गेलं. ती म्हणाली, "काकू, पात्रांचं विश्लेषण करायला हवं. म्हणजे किसका क्या मोटिव है."

तिनं राजपुत्रापासून सुरुवात केली. "बायको घर सोडून रानात गेली, आणि हा पूरी कहानी में बैठा ही है. एक वाक्य नाही याच्या तोंडी."

"बिचारा साधा आहे," नलूमावशी म्हणाल्या.

"साधा नाही आई, सपाट आहे."

हे ऐकून मावशींचा मुलगा निखिल, जो गल्ली ओलांडून आईला सोडायला म्हणून आला होता आणि लाडवांचा डबा उघडून बसला होता, तो डबा बंद करून उठला. "मी फूलबागेकडे एक काम उरकून येतो," म्हणाला आणि निघून गेला.

*

म्हातारीवर आम्ही एक अख्खा शुक्रवार घालवला. माझ्या मते ती देवी. पल्लवीच्या मते ते सुनेचंच मन, जे तिच्याशी बोलतंय. सुमनताईंना दोन्ही पटेना.

"घनदाट रान. तिथे एकटी म्हातारी. आणि तिला राजवाड्यातली सगळी बातमी ठाऊक. बायांनो, ती शेजारच्या राज्याची हेर आहे."

यावर वाद इतका पेटला की आतून आमचे हे, जे नैवेद्य होईपर्यंत पानावर बसू शकत नाहीत, ओरडले, "हेर असेल तर धरा तिला, नाहीतर सोडा. पण भात आळतोय."

*

यंदाच्या श्रावणात मात्र हसणं जरा बाजूला राहिलं. पल्लवीला भोपाळच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली. निखिल इथल्या बँकेत, त्याची बदली होण्यातली नाही. म्हणजे हिनं एकटीनं तिथे राहायचं. मावशी हो म्हणेनात, नाही म्हणेनात. निखिलचं आपलं, "तुम दोनों देख लो." शेवटच्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी कॉलेजला कळवायचं होतं. सासू-सून घरात एकमेकींशी मिठाएवढंच बोलत होत्या. जे काय बोलायचं ते माझ्याकडे येऊन, कहाणीच्या आडून.

"सून रानात गेली," मी म्हणाले.

"गेली खरी," मावशी म्हणाल्या. "पण घरी सासूचे गुडघे कसे होते, हे कोणत्या विश्लेषणात येतं?"

"आणि सासूनं एकदा तरी विचारलं का, की बहू, तुला जायचंय का?" पल्लवी म्हणाली. "रुसून गेली, रुसून गेली. कदाचित तिला वहाँ कुछ काम हो."

"रानात कसलं काम?"

"राजवाड्यात तरी कसलं होतं?"

मी देवीकडे पाहिलं. 'मुकाट्यानं ऐका' हे शब्द जिभेवर आले होते. गिळले.

इतक्यात सुमनताई म्हणाल्या, "नलू, तुझ्या अक्षता कुठायत?"

मावशींची मूठ रिकामी होती आणि ओठ लालभडक. वादाच्या भरात त्यांनी कुंकू लावलेले तांदूळ दाणा-दाणा करून खाऊन टाकले होते. आता उपास मोडला की नाही? मावशी रडवेल्या झाल्या. आजवर एकही शुक्रवार चुकला नव्हता त्यांचा. सुमनताईंनी घसा साफ केला आणि निकाल दिला, "लढाईच्या धामधुमीत जे पोटात जातं, ते इतिहास मोजत नाही."

पल्लवीनं उठून आपल्या मुठीतल्या निम्म्या अक्षता सासूच्या हातात ठेवल्या.

*

मग आला शेवटचा शुक्रवार. सोमवार तोंडावर. मी आसनावर बसणार, तेवढ्यात नलूमावशी म्हणाल्या, "सुधा, तू सरक. आज मी सांगते."

गुडघे धरत त्या बसल्या. निखिललाही त्यांनी दारात थांबू दिलं नाही. त्याच्याही हातात अक्षता दिल्या आणि पल्लवीशेजारी बसवलं.

"एक होता राजा. त्याची एक सून होती. तिला रानातून बोलावणं आलं. तिथे मुली होत्या, त्यांना शिकवायला कोणी नव्हतं. सून सासूपाशी आली. सासू रुसली."

"सासू?" मी विचारलं.

"हो, सासूच. नुसती रुसून बसली. पुष्कळ दिवस. मग तिला तिचीच लाज वाटली. तिनं दशम्या केल्या, लिंबाचं लोणचं बांधलं, आणि सुनेला रानाच्या वाटेपर्यंत पोचवायला गेली. गुडघे दुखत होते, तरी गेली."

पल्लवीची मान खाली गेली होती. सुमनताई पहिल्यांदाच काही विचारत नव्हत्या.

निखिलनं हळूच विचारलं, "आणि राजपुत्र?"

"राजपुत्र कणीक मळायला शिकला," मावशी म्हणाल्या. "पहिल्या पोळ्या कशाही झाल्या. सासूनं खाल्ल्या."

मग त्यांनी अक्षता देवीला वाहिल्या, हात जोडले, आणि आमच्या सगळ्यांकडे, म्हणजे खरं तर आपल्या सुनेकडेच बघत म्हणाल्या,

"त्या सासूनं सुनेला जशी वाट दिली, तशी बायांनो, तुम्हीही आपापल्या सुनांना द्या. आणि सुनांनो, ती सून जशी दर शनिवारच्या गाडीनं घरी यायची, तशा तुम्हीही येत जा."