रंगुबाईंनी पारखलेली मशीनं

अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमारास सांगलीत आमच्या गल्लीत कुणाकडे गाण्याचं नवं मशीन आलं, की पुरुषमंडळी पुढच्या खोलीत जमायची. सेल किती लागतात, बँड किती, माल देशी की जपानी, यावर चहाचे दोन फेरे व्हायचे. आम्ही बायका मात्र रंगुबाई कासारणीची वाट बघायचो. मशीन चांगलं की वाईट हे रंगुबाई येऊन गेल्याशिवाय ठरत नसे.

रंगुबाई म्हणजे पेठेतल्या कोंडीबा कासारांची बायको. कोंडीबा दुकानात बसायचे आणि या डोक्यावर टोपली घेऊन घरोघरी हिंडायच्या. उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि तळहात असे मऊ की एवढ्या काचेत आयुष्य काढूनही त्यांना साधा ओरखडा कसा नाही, याचं मला नवल वाटायचं.

बांगडी भरणं दिसतं तेवढं सोपं नाही. आपला हात दुसऱ्याच्या हातात गेला की तो आपोआप ताठतो. अंगठ्याच्या हाडापाशी बांगडी अडते, आपण दात आवळतो, हात आणखी ताठतो. तो सैल पडावा म्हणून रंगुबाई बोलत राहायच्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या म्हशीला रेडी झाली, असं काहीबाही. ऐकता ऐकता बाई स्वतःचा हात विसरायची आणि तेवढ्यात बांगडी मनगटात. पण ज्या घरी गाणं लागलेलं असे, तिथे त्यांना बोलावं लागत नसे. त्यांची मशीनची पारख यातूनच आली होती. गाण्यानं हात सैल पडला तर मशीन चांगलं, नाही पडला तर ते कुठल्याही देशाचं असो.

पलीकडच्या गल्लीतल्या हळदीच्या व्यापाऱ्यांनी पेटीसारखा उघडणारा, सेलवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर आणला होता. रंगुबाई तिथून आल्या आणि माझ्या पायरीवर टोपली टेकवत म्हणाल्या, "पेटी झ्याक हाय वैनी, पर लय नाजूक. कुनी पाय जरा जोरात टाकला की सुई उडी मारती. मी हात धरला तर शेटानीबाईचा सगळा जीव त्या सुईत. हात कसला, लाकूड!"

"आणि आमचा ट्रान्झिस्टर?" मी विचारलं.

"त्यो पाव्हना हाय. त्याच्या मनाला यील तवा गानार, मधीच बातम्या सांगनार. परवा तुमच्याच हाताला बांगडी अंगठ्यापाशी आली आन् त्यानं गुळाचा भाव काढला. तुमचं ध्यान तिकडं गेलं, का न्हाई?"

गेलं होतं. माझ्या सासरी ऊस आहे, गुळाचा भाव म्हटल्यावर कान टवकारणारच.

कॅसेट लावायचा टेप आमच्या बाजूला पहिल्यांदा आला तो भामाबाईंच्या घरी. हाताला धरायला दांडी, खांद्याला अडकवायला पट्टा, कुठेही न्यावा. त्याच्यावर रंगुबाई खूष होत्या. "आपलं ऐकतो त्यो. म्हनंल तवा गातो, म्हनंल तवा गप." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर भामाबाईकडं कॅसेट एकच. तिसऱ्यांदा तेच गानं लागलं की बाईला पुढचं समदं ठावं असतंय. मग ती मनात किराना मालाची यादी करती आन् हात पुन्यांदा ताठ."

आमच्या ह्यांनाही टेप घ्यायचा होता. दुकानात जाऊन माहितीपत्रक आणलं होतं, पण रोज संध्याकाळी विचारायचे, "काय म्हणतायत तुमच्या रंगुबाई?"

त्याच वर्षी शिराळ्याला माझ्या नणंदेच्या मुलीचं, रत्नाचं, लग्न निघालं. माझ्या नणंदेचा, शालूवन्संचा, चुडा रंगुबाईंनी भरला होता. लेकीचाही त्यांनीच भरावा असा वन्संनी हट्ट धरला. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं मी रंगुबाईंना घेऊन शिराळ्याला पोचले. त्यांच्या मांडीवर बांगड्यांची टोपली, त्यावर दोन्ही हात. खड्डा आला की त्या टोपलीसकट वर उचलल्या जायच्या, पण आतून साधा किणकिणाटही होऊ दिला नाही.

वन्संची नणंद आक्काताई, म्हणजे रत्नाची आत्या, दारातच उभी होती. तिनं रंगुबाईंना खालून वर न्याहाळलं.

"गावात कासार मेले व्हते का गं शालू? सांगलीवरनं कासारीण आनलीस ती!"

"आक्का, हात गुणाचा हाय त्यांचा," वन्सं म्हणाल्या.

"बघू की. आमाला बी डोळं हायती."

सोप्यावर जाजम अंथरलं होतं. मधे पाटावर रत्ना, समोर रंगुबाई, भोवती घरच्या आणि शेजारच्या बायका. रत्ना एरवी दणकट पोरगी, विहिरीवरून दोन-दोन कळश्या आणणारी. पण त्या दिवशी मान खाली आणि चेहरा पांढरा. रंगुबाईंनी तिचा हात हातात घेतला, तळव्यावर बोट फिरवलं आणि हिरव्या बांगड्यांतली मापाची एक काढली. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"थांबा, थांबा! चुडा असा मुक्यानं भरतात व्हय?"

माझे दीर नाथाजी. पलटणीतून रजेवर आलेले, पीळ दिलेल्या मिशा, आणि खांद्याला पट्ट्यानं लटकवलेला नवाकोरा टेप. सकाळपासून मांडवातून गाणी ऐकू येत होती ती याचीच.

"वहिनी, बघा! मेड इन जपान. दिल्लीत घेतला. लाइट नको, वायर नको, मार्च करता करता गाणं ऐका. एकदम फर्स्ट क्लास! रत्नू, हा तुझ्या मामाकडून. सासरी घेऊन जायचा." त्यांनी तो रत्नाच्या मांडीशीच पाटावर ठेवला आणि बटण दाबलं.

सिनेमातलं गाणं सुरू झालं, आणि चांगलंच मोठ्यानं. शेजारच्या बायका पुढे सरकल्या. नाथाजींना तेवढं गाणंही पुरेना. हे बटण दाबलं की कॅसेट पुढे पळते, हे दाबलं की मागे, असं ते दाखवत होते. दर वेळी टेप शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा किंचाळायचा. रंगुबाईंनी बांगडी अंगठ्यापाशी आणली, मशीन किंचाळलं, रत्ना दचकली, मूठ आवळली गेली आणि कट्‌कन आवाज झाला.

चुड्याच्या वेळी 'फुटली' असं कुणी म्हणत नाही, 'वाढली' म्हणतात. पण शब्द कुठलाही वापरा, बायकांचे चेहरे तेच सांगतात. आक्काताईनं नुसतं तोंडाला पदर लावला.

रंगुबाईंनी तुकडे वेचले, दुसरी बांगडी घेतली. नाथाजींनी कॅसेट उलटून दुसरी बाजू लावली. गाण्याच्या आधीच ढोल दणाणला. दुसरीही वाढली. रत्नाच्या मनगटावर रक्ताचा बारीक थेंब आला आणि डोळ्यांत पाणी.

"झालं समाधान?" आक्काताई म्हणाली. "आता आनी एक वाढू दे, मग मी गावातल्या कासारालाच बोलवते. पोरीच्या चुड्याचा खेळ न्हाई चालायचा."

वन्संचा चेहरा पोरीपेक्षा पांढरा झाला. तिसरी बांगडी गेली असती तर चुडा अर्ध्यावर दुसऱ्याच्या हाती गेला असता, आणि ते रत्नानं जन्मभर मनात ठेवलं असतं. रंगुबाईंना तर त्या तालुक्यात पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

मी नाथाजींजवळ जाऊन हळूच म्हणाले, "भाऊजी, जरा वेळ बंद ठेवता का?"

"बंद?" त्यांनी मान ताठ केली. "म्हणा की मामा नको म्हणून. आत्ता बॅग भरतो. स्टँड काही लांब नाही!"

आता हे बोलायला मजेचं वाटतं, पण आमच्या घरात ते मजेचं नव्हतं. थोरल्या भाच्याच्या जावळाला यांना मानाचा फेटा बांधायला उशीर झाला, तर हे मामा खरोखरच रुसून एस.टी. स्टँडवर जाऊन बसले होते. मामाच्या मांडीवर पोराला बसवल्याशिवाय जावळ काढता येईना, म्हणून न्हावी, पोर आणि अर्धा गाव स्टँडवर गेला होता. वन्संनी घाईघाईनं हात जोडले. "नको रे नाथा, वाजू दे. वैनी आपल्या उगंच म्हनल्या."

मशीन बंद होणार नाही आणि मशीन चालू असताना रत्नाचा हात सैल पडणार नाही. मी रंगुबाईंकडे बघितलं. त्यांनी बांगड्या खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि गोड हसल्या.

"मामासायेब, मशीन लय ग्वाड हाय. पर आमी पेठेत ऱ्हानारी मानसं, आमाला गलक्याची सवं. आवाज जरा दबल्यावानी वाटतोय. आजून वाढतोय का?"

"वाढतोय का म्हणजे!" नाथाजींनी चक्री शेवटापर्यंत फिरवली. आढ्यावरचं कबुतर उडालं.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "रंगुबाई, हे काय करताय?"

"गप बसा वैनी," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "सकाळधरनं वाजतंय न्हवं हे? भामाबाईचा टेप येवढ्या आवाजावर लय येळ दम धरत न्हाई. आनी मागं-पुढं पळवलं तर सेल लवकर बसत्यात."

मग त्यांनी रत्नाच्या हाताला साबणाचा फेस लावला आणि नुसत्याच चोळत बसल्या. बांगडीला हातच लावेनात. मधेच म्हणायच्या, "मामासायेब, ते मगाचं पयलं गानं परत लावा की." मामा कॅसेट मागे पळवायचे. "आनी ते ढोलाचं?" मामा पुढे पळवायचे. इतका रसिक श्रोता त्यांना पलटणीतही मिळाला नसावा.

"चुडा भराया आलीया का गानी ऐकाया?" आक्काताई करवादली.

"आक्का, लगीन उद्या हाय. घाई कसली?" रंगुबाई म्हणाल्या. बोलणं आक्काताईशी, पण नजर मशीनवर. चुलीवर दूध ठेवल्यावर आपली असते तशी.

आणि मग ते उतू गेलं. गाणाऱ्या बाईचा उंच चढलेला सूर आधी जरासा जड झाला. मग तिला पडसं झालं. मग ती पायऱ्या उतरत उतरत इतकी खाली आली, की दुपारच्या झोपेतून उठवलेल्या एखाद्या म्हाताऱ्या पाटलासारखी घोगरी, रेंगाळत, एकेक अक्षर चावून गाऊ लागली.

"अगं बया!" आक्काताईच्याच तोंडून निघालं. "हिला काय झालं? मिशा फुटल्या का काय हिला?"

रत्नानं ओठ घट्ट दाबले. खांदे हलले. मग तिला जे हसू फुटलं ते काही थांबेना. बायका एकमेकींवर कलंडल्या. नाथाजी मशीनला थापट्या मारत होते आणि प्रत्येक थापटीला ती मिशावाली बाई "हूं" करत होती. हसता हसता रत्नाचा हात वाळत घातलेल्या लुगड्यासारखा लोंबत होता आणि रंगुबाई एकामागून एक बांगड्या चढवत होत्या. डावा हात भरून झाला तरी पोरीला पत्ता नाही.

"थांबा, सेल उतरलेत!" नाथाजी आत धावले आणि घरातल्या बॅटरीतले सेल काढून आणले. वन्सं रोज रात्री गोठ्यात तीच बॅटरी घेऊन जायच्या. सेल मेल्याहून मेलेले. ते घातल्यावर बाई आणखी दोन पायऱ्या खाली उतरली. आक्काताईला ठसका लागला, कुणीतरी पाणी आणायला पळालं. उजवा हातही भरला. शेवटची बांगडी चढवून रंगुबाईंनी रत्नाची दोन्ही मनगटं जरा हलवून बघितली आणि म्हणाल्या, "ऊठ पोरी. झालं."

तेवढ्यात मशीन पुरतं बंद पडलं. आता सगळ्यांचं लक्ष नाथाजींकडे गेलं. कान लाल, मशीन मांडीवर, मिशा खाली. कुणी हसेना. वन्संनी माझा हात घट्ट धरला. स्टँड खरंच लांब नव्हता.

रत्ना उठली. रीतीप्रमाणे आधी रंगुबाईंच्या पाया पडली. मग चुडा वाजवत मामाजवळ गेली, वाकली आणि म्हणाली, "मामा, ती मिशावाली बाई परत एकदा लावा की."

"सेल संपलेत," मामा जमिनीकडे बघत म्हणाले.

"मग काय झालं! आपल्यातली बाई हाय ती. मामाच्या वळणावर गेलीया."

नाथाजींनी मान वर केली. हात नकळत मिशीकडे गेला, आणि मग त्यांनाही राहवेना. असे हसले की पट्ट्यासकट मशीन गडगडत जाजमावर गेलं. संध्याकाळी मांडवात ते येईल त्याला सांगत होते, "भाचीचा चुडा आपल्या टेपवर भरला, साहेब! जपानी माल हाय." आक्काताईनं त्यांच्या पाठीमागे रंगुबाईंच्या ओटीत नारळ घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पुढच्या साली माझ्या धाकटीचं लगीन हाय. आदल्या दिवशी येऊ नका, दोन दिस आधी या."

लग्न लागलं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर मी रंगुबाईंना विचारलं, "खरं सांगा, कसं होतं भाऊजींचं मशीन? आमच्या ह्यांना तसलंच घ्यायचंय."

त्यांनी रिकामी टोपली मांडीवर नीट बसवली, थोडा विचार केला.

"मशीन एक नंबर हाय वैनी. आवाज बी ग्वाड. घ्या म्हनावं." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फकस्त दुकानदाराला सांगा, बंद करायचं बटन तुमच्या मालकास्नी आधी दावा म्हनावं, वाजवायचं मागनं."