फंक्शनच्या वरच्या चार ओळी

"घाई न्हाई. स्क्रीनवर काय दिसायलंय तेवढं वाचून दाखवा." फोन खांद्यानं कानाशी दाबून, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून आमच्या ऑफिसातल्या ताई हे वाक्य दिवसातून कितीदा म्हणायच्या, कोण जाणे. पलीकडचा माणूस कितीही चिडलेला असो, तिसऱ्या वाक्याला त्याचा आवाज खाली यायचा.

सेलूत आमचं छोटं ऑफिस होतं. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या वजनकाट्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजनाची नोंद व्हायची आणि पावती निघायची. यातला जवळजवळ सगळा कोड ताईंनी लिहिलेला. त्यांचे वडील रेल्वेत होते, घर पूर्णेला. ताई रोज आगगाडीनं यायच्या.

हा कोड कसा चालतो, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. "लिहून काय करायचं? मी सांगते न."

आणि सांगायच्याही छान. एकदा डब्यातल्या पोळीचे तीन तुकडे टेबलावर मांडून त्यांनी मला भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकामी गाडी आणि कापसातला ओलावा कसा वजा करायचा ते समजावलं. मग तिन्ही तुकडे खाऊन टाकले. "आता डिलीट," म्हणाल्या.

माहिती लिहून ठेवा म्हणून मी दोन वर्षं त्यांच्या मागं लागलो होतो. कोडची माहिती तयार करणारं एक टूल असतं. प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या एकेका तुकड्याच्या, वर ठरलेल्या पद्धतीनं चार ओळी लिहिल्या, की ते सगळा कोड वाचून त्याची नीट पानं बनवून देतं. ताई हसून विषय टाळायच्या. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. सगळं त्याच्या डोक्यात, आणि आपण निश्चिंत.

एके सकाळी त्या आल्या आणि पर्स न ठेवताच म्हणाल्या, "ते टूल शिकव मला. तीन आठवड्यांनी ऑपरेशन हाय."

गळ्यात गाठ होती. आवाज राहीलच, असं डॉक्टर सांगत नव्हते. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होतो.

"असं बघू नकोस. चालू कर ते."

मी टूल बसवलं, कोडचं फोल्डर दाखवलं, आज्ञा दिली. ब्राउझरमध्ये पानं उघडली. शेकडो फंक्शनची नावं, आणि प्रत्येकाखाली कोरी जागा. ताई बघत राहिल्या. "ही तर मतदार यादी झाली."

मग त्यांनी पहिल्या फंक्शनवर माहिती लिहिली. मराठीतच. "फोनवर मराठीत सांगते, मग इथं इंग्रजी कशाला?" टूल पुन्हा चालवलं. पान कोरंच. मी वाकून पाहिलं. मजकुराच्या सुरुवातीला तिरक्या रेघेपुढं दोन चांदण्या (**) लागतात, त्यांनी एकच दिली होती.

"एक चांदणी कमी हाय, ताई."

"एका चांदणीवर रुसलं व्हय?"

दुसरी दिली, आणि त्यांचे शब्द पानावर आले. ताईंनी ते दोनदा वाचले. लगेच पुढचं फंक्शन उघडलं.

तीन आठवडे त्या लिहीत होत्या. फंक्शन काय घेतं, काय परत देतं, हे तर होतंच. पण त्यांचं तेवढ्यावर भागत नव्हतं. एका ठिकाणी लिहिलं होतं: "काटा हलत असेल तर वजन घेऊ नये. बैल जागचा हलतो, त्याला थोडा वेळ द्यावा." एका तपासणीवर लिहिलं होतं: "इथं माझी चूक झाली होती. ताडकळसच्या एका शेतकऱ्याच्या कापसातून रिकाम्या गाडीचं वजन दोनदा वजा झालं. ही तपासणी काढू नये."

मला तो प्रसंग आठवत होता. चूक सापडल्यावर ताई दुरुस्त पावती घेऊन बसनं ताडकळसला गेल्या होत्या. मी म्हणालो होतो, फोन करा की. "चूक माझी हाय, तोंड बी माझंच दिसू दे," म्हणाल्या होत्या. येताना त्या घरच्यांनी दिलेली पिशवीभर वांगी घेऊन आल्या.

ऑपरेशन झालं. आवाज परतला नाही. नुसतं श्वासासारखं काहीतरी उरलं. तरी काही महिने त्या येत राहिल्या. फोन मी घ्यायचो, अडलं की त्या शेजारून पान उघडून बोट ठेवायच्या, आणि मी ते वाचून दाखवायचो. एकदा पलीकडचा माणूस म्हणाला, "आज ताईंसारखं बोलायलात तुमी." मी हे सांगितलं, तेव्हा त्या खांदे हलेपर्यंत हसल्या. आवाज नव्हताच.

पुढच्या उन्हाळ्यात दुखणं उलटलं. ताई गेल्या.

त्यांच्या जागी परभणीची एक प्रोग्रामर आली. तिनं ताईंना कधी पाहिलेलं नाही. पहिल्या आठवड्यात ती पानं वाचत बसायची आणि मधेच हसायची.

परवा तिनं बदललेला कोड मी तपासायला उघडला. त्या वजाबाकीच्या तपासणीवर, ताईंच्या ओळींच्या खाली, तिनं लिहिलं होतं: "ताई, तपासणी काढलेली नाही. आता ट्रॅक्टर येतात, म्हणून रिकाम्या गाडीच्या वजनाची फक्त वरची मर्यादा वाढवली. चालेल ना?"

कोडमध्ये असं लिहायचं नसतं. मी ते तसंच राहू दिलं.