चिंच कुठल्या बाजूला?

आजारपणातून उठल्यापासून दादा टेबलावर आमच्या गावचं स्टेशन उभारतोय. खरं स्टेशन केव्हाच बंद पडलं. काल मी शेजारी बसून बघत होते. हिरवा भुसा चिकटवलेली चिंच त्याने स्टेशनच्या डावीकडे लावली.

"काहीतरीच! उजवीकडे होती," मी म्हटलं. दोघंही हटेनात.

शेवटी वहिनी म्हणाली, "अहो, तुम्ही बघायचात गाडीतून. वन्सं तुम्हाला घ्यायला-सोडायला फलाटावर उभ्या असायच्या."

मी टेबलाला वळसा घालून स्टेशनामागे गेले, वाकले. चिंच आपोआप उजवीकडे आली. म्हणजे दोघंही बरोबर? मग भांडलो कशावरून?

समोर रुळांपलीकडे दादाचा ओढलेला चेहरा होता. पूर्वी डब्याच्या खिडकीत तो असाच समोर दिसायचा. पण आता तो आलाय की निघालाय, तेच मला कळेना.